पेलचं समीकरण नेमकं कोणाचं? ६१ या आकड्याच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: "न × क्ष² + १ = य² याला पेलचं समीकरण म्हणतात. पण ते ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांनी युरोपच्या कितीतरी आधी सोडवलं होतं असं वाचलं. ते खरं असेल तर ऑयलर, लॅग्रांज वगैरे मंडळींनी नवीन काय केलं? आणि हा पेल कोण?"

पेलला आधी वाटेला लावू, त्याला फार जागा लागत नाही. जॉन पेल हा सतराव्या शतकातला इंग्रज गणिती. योहान रान याच्या १६५९ सालच्या जर्मन बीजगणितात पेलचा हात होता आणि त्यात या जातीच्या समीकरणाचं एक उदाहरण सापडतं. त्यापलीकडे हे समीकरण सोडवण्यात त्याने काही केल्याचा पुरावा नाही. इंग्लंडमध्ये ते खरं सोडवलं विल्यम ब्राउंकरने, आणि ती रीत जॉन वॉलिसने आपल्या पुस्तकात छापली. ऑयलरने वॉलिस वाचला, आणि १७३० साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात श्रेय पेलच्या पदरात टाकलं. ऑयलरने एकदा नाव ठेवलं की ते पुसणं कोणाच्याच हातात राहत नाही. मीसुद्धा पुढे कुठेकुठे 'पेल' म्हणेन, सवयीने.

आता मूळ प्रश्न. न ही कोणतीही धन पूर्णांक संख्या घ्या, फक्त ती स्वतः पूर्ण वर्ग नसावी. असा वर्ग शोधायचा की त्याला न ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच हाती यावा. न = ६० घेतलं तर १६ × ६० + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग; क्ष = ४, य = ३१. न = ६२ साठी क्ष = ८, य = ६३. न = ६३ साठी तर १ आणि ८, तोंडी. आणि मधल्या ६१ साठी? सर्वांत लहान उत्तर आहे क्ष = २२,६१,५३,९८० आणि य = १,७६,६३,१९,०४९. क्ष ला एक, दोन, तीन असं तपासत गेलात तर बावीस कोटींच्या पुढे जाईपर्यंत हाती काही लागणार नाही, आणि कदाचित दहा हजारांवरच तुम्ही "उत्तर नाही" असं लिहून मोकळे व्हाल.

अपूर्णांक चालत असते तर यात काही दमच नव्हता. कोणतीही संख्या म घ्या; क्ष = २म/(म² − न) आणि य = (म² + न)/(म² − न) हे झालं उत्तर. ६१ ला म = ८ घाला: क्ष = १६/३, य = १२५/३. ताळा करून पाहा, बरोबर येतो. हे सूत्र श्रीपतीकडे, अकराव्या शतकात, आहे. सगळी मेख 'पूर्णांक' या अटीत आहे, हे लक्षात ठेवा. सहाशे वर्षांनी इंग्लंडमध्ये नेमका याच अटीवरून गोंधळ झाला.

ब्रह्मगुप्तापासून सुरुवात करायची की त्याच्याही मागे जायचं, यावर हल्ली बराच उत्साह दिसतो. शुल्बसूत्रांत २ च्या वर्गमूळासाठी ५७७/४०८ ही किंमत येते, आणि ५७७² − २ × ४०८² = १ हे खरंच आहे. म्हणून शुल्बकारांना हे समीकरण माहीत होतं असं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. वर्गमूळाची चांगली किंमत काढणाऱ्या कोणाच्याही हातात असे आकडे येतात, ग्रीकांच्याही आले होते. आर्किमिडीजच्या नावावर असलेलं गुरांचं कोडं हीसुद्धा तशीच गोष्ट. सूर्यदेवाच्या चार रंगांच्या गुरांची संख्या विचारणारं हे कोडं ग्रीक पद्यात आहे. जर्मन लेखक लेसिंगने ते १७७३ साली वोल्फेनब्युटलच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितातून प्रसिद्ध केलं. ते सोडवत गेलं की न = ४७,२९,४९४ असलेलं पेलचं समीकरण समोर येतं आणि एकूण गुरांची संख्या २,०६,५४५ अंकी निघते. ती इतकी मोठी असणार हे १८८० साली आम्थोरने दाखवलं आणि सगळे अंक १९६५ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संगणकावर निघाले. कोडं घालणाऱ्याला उत्तर येत होतं असं मानायला काहीच आधार नाही. प्रश्न विचारणं आणि रीत देणं यांत फरक करायलाच हवा, मग तो विचारणारा आर्किमिडीज असला तरी.

रीत पहिल्यांदा दिसते ती इसवी सन ६२८ मध्ये, ब्राह्मस्फुटसिद्धान्तात. भिल्लमाळ इथला ब्रह्मगुप्त तेव्हा तीस वर्षांचा होता. या प्रकाराला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणतात. न ही प्रकृती, क्ष हे कनिष्ठ मूळ, य हे ज्येष्ठ मूळ, आणि जो आकडा मिळवायचा तो क्षेप. ब्रह्मगुप्ताची चलाखी अशी की त्याने क्षेप १ वर अडून न राहता कोणताही क्षेप चालवून घेतला. ६१ ला १ मिळवून वर्ग होत नाही? नसू दे. ३ मिळवून होतो: ६१ × १² + ३ = ८². ही झाली एक त्रयी, कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. अशा दोन त्रयी हाती असल्या की त्यांच्यापासून तिसरी बनते. पहिलीचा कनिष्ठ गुणिले दुसरीचा ज्येष्ठ, अधिक दुसरीचा कनिष्ठ गुणिले पहिलीचा ज्येष्ठ, हा नवा कनिष्ठ. दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार गुणिले न, अधिक दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार, हा नवा ज्येष्ठ. आणि नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. याला तो भावना म्हणतो. आडवे गुणाकार करून पडताळता येईल अशी साधी नित्यसमानता आहे, दहावीच्या मुलाला दहा मिनिटांत सिद्ध करता येईल. सुचायला मात्र ब्रह्मगुप्त लागला.

तिची ताकद त्याने स्वतः घातलेल्या उदाहरणात दिसते. न = ९२. हे जो वर्षाच्या आत सोडवील तो गणक, असं तो म्हणतो. आपण चार ओळींत सोडवू. ९२ × १² + ८ = १०², म्हणजे त्रयी (१, १०, ८). तिची तिच्याशीच भावना करा: कनिष्ठ १ × १० + १ × १० = २०, ज्येष्ठ ९२ + १०० = १९२, क्षेप ६४. क्षेप ६४ म्हणजे ८ चा वर्ग, तेव्हा दोन्ही मुळांना ८ ने भागलं की क्षेप १ होतो: (५/२, २४, १). अपूर्णांक आला, पण घाबरायचं कारण नाही, पुन्हा स्वतःशीच भावना करा. कनिष्ठ २ × ५/२ × २४ = १२०. ज्येष्ठ ९२ × २५/४ + ५७६ = ५७५ + ५७६ = ११५१. आणि ९२ × १२०² + १ = १३,२४,८०१, म्हणजे ११५१ चा वर्ग.

इथे भागाकार जमला, हा नशिबाचा भाग आहे का? पूर्णपणे नाही. क्षेप ±१, ±२ किंवा ±४ असेल तर तिथून १ पर्यंत नक्की पोचता येतं, हे ब्रह्मगुप्ताला माहीत होतं आणि ४ साठीचे नियम त्याने स्वतंत्रपणे दिले आहेत. पण ±१, ±२, ±४ पर्यंत पोचायचं कसं, याचं ठाम उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ९२ ला ८ वरून काम भागलं. प्रत्येक न ला असं भागेलच असं नाही.

ही उणीव भरून काढणारी रीत म्हणजे चक्रवाल, आणि ती आपण भास्कराचार्यांच्या नावाने ओळखतो, कारण ११५० सालच्या बीजगणितात ती अगदी नीट मांडलेली आहे. पण ती त्यांच्या आधीची आहे. उदयदिवाकराने १०७३ साली लिहिलेल्या टीकेत आचार्य जयदेव नावाच्या गणित्याचे श्लोक उद्धृत केले आहेत आणि त्यांत हीच चक्राकार रीत आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते श्लोक उजेडात आणले, तोवर जयदेवाचं नाव या संदर्भात कोणी घेत नव्हतं. जयदेवाचा मूळ ग्रंथ आपल्याकडे नाही. तेव्हा "भास्कराचार्यांचा शोध" असं लिहिताना जरा हात आखडता घ्यावा. भास्कराचार्य स्वतःही हा आपला शोध म्हणत नाहीत, चक्रवाल म्हणतात असं सांगून पुढे जातात.

रीत अशी. हातात (कनिष्ठ, ज्येष्ठ, क्षेप) ही एक त्रयी आहे. तिची (१, म, म² − न) या त्रयीशी भावना करायची. ही दुसरी त्रयी कोणत्याही म साठी आपोआप खरी असते. मग सगळ्याला जुन्या क्षेपाने भागायचं. भाग जावा असा म निवडायचा, म्हणजे कनिष्ठ × म + ज्येष्ठ याला क्षेपाने निःशेष भाग गेला पाहिजे. तो कुट्टकाने, म्हणजे एकघाती समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढण्याच्या जुन्या भारतीय रीतीने, निघतो. असे म पुष्कळ मिळतात, त्यांतला असा घ्यायचा की म² आणि न यांच्यातलं अंतर कमीत कमी राहील. नवा क्षेप (म² − न) भागिले जुना क्षेप. एवढं करत राहायचं.

भास्कराचार्यांनी वाचकाला 'सखे' म्हणून दोन आकडे घातले आहेत, ६७ आणि ६१. आपण ६१ घेऊ. सुरुवात (१, ८, ३). म + ८ ला ३ ने भाग जायला हवा, तेव्हा म = १, ४, ७, १०... यांतल्या ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ वर. १० चा १००, फारच लांब. म = ७ घ्या. नवा कनिष्ठ (७ + ८)/३ = ५. नवा ज्येष्ठ (५६ + ६१)/३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१)/३ = −४. ताळा: ६१ × २५ − ४ = १५२१ = ३९². एकच पायरी, आणि क्षेप −४ झाला. म्हणजे आपण ब्रह्मगुप्ताच्या हद्दीत आलो.

इथून पुढे चक्रवाल फिरवायची गरजच नाही. दोन्ही मुळं निम्मी करा: (५/२, ३९/२, −१). स्वतःशी भावना: (१९५/२, १५२३/२, १). या नव्या त्रयीची आधीच्या त्रयीशी भावना: कनिष्ठ (७६१५ + ७६०५)/४ = ३८०५, ज्येष्ठ (५९,४७५ + ५९,३९७)/४ = २९,७१८, क्षेप −१. अपूर्णांक गेले. हिची पुन्हा स्वतःशी भावना: कनिष्ठ २ × ३८०५ × २९,७१८ = २२,६१,५३,९८०, ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, क्षेप १. पाटीवर करता येण्याजोगं काम आहे.

आता माझं मत, आणि ते थोडं प्रवाहाच्या उलट आहे. ६१ चं उदाहरण नेहमी चक्रवालाचा पराक्रम म्हणून सांगितलं जातं. प्रत्यक्षात वर काय झालं ते पाहा. चक्रवाल एकदा फिरलं, त्यानंतरची सगळी मजल भावनेने मारली. ६१ चा खरा गाभा (५/२, ३९/२, −१) ही छोटीशी त्रयी आहे, आणि ते दहा अंकी राक्षसी उत्तर म्हणजे तिचाच सहावा घात. आकडा मोठा दिसतो तो अपूर्णांक काढून टाकायला तीन वेळा आणि उणे चिन्ह काढून टाकायला दोन वेळा गुणावं लागतं म्हणून. शुद्ध चक्रवालाने, मधला आडमार्ग न घेता, ६१ ला १४ पायऱ्या लागतात. म्हणून माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली सर्वांत खोल कल्पना ६२८ सालची भावना आहे. उत्तरांचा उत्तरांशी 'गुणाकार' करता येतो आणि त्यातून उत्तरंच निघतात, ही जाणीव तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. पुढे गाउसने वर्गरूपांची जी जुळणी केली, किंवा आज आपण वर्गीय क्षेत्रातला नॉर्म गुणाकारात टिकतो म्हणतो, त्यांचं बीज याच नित्यसमानतेत आहे. चक्रवाल ही अप्रतिम रीत आहे, पण ती या कल्पनेवर उभी आहे.

चौदाव्या शतकात नारायण पंडिताने १३५६ च्या गणितकौमुदीत ९७ आणि १०३ हे आकडे घेऊन तीच रीत चालवली. त्यानंतर गाडी फ्रान्सकडे वळते, आणि मधला धागा तुटलेला आहे.

फेब्रुवारी १६५७. फर्माने सगळ्या गणित्यांना, त्यातही इंग्रजांना, आव्हान दिलं: वर्ग नसलेली कोणतीही संख्या घ्या, तिच्यासाठी असे वर्ग अनंत असतात, सिद्ध करा, नाहीतर निदान उत्तरं काढायची सर्वसाधारण रीत तरी द्या. शुद्ध अंकगणिताचे प्रश्न कोणी विचारतच नाही, समजूनही घेत नाही, अशी तक्रारही सोबत होती. त्याच सुमारास फ्रेनिकल या फ्रेंच गणित्याला लिहिलेल्या पत्रात त्याने, फार त्रास नको म्हणून, लहान आकडे सुचवले: ६१ आणि १०९. खट्याळपणा होता. १०९ चं सर्वांत लहान उत्तर क्ष = १५,१४०,४२४,४५५,१०० आहे, चौदा अंकी. ६१ आणि १०९ दोन्हींची जडणघडण सारखीच आहे, हे मुद्दाम तपासून पाहा: १०९ × २५² − ४ = २६१². म्हणजे पुन्हा क्षेप −४, पुन्हा विषम मुळं, पुन्हा सहावा घात. फर्माने हे आकडे डोळे मिटून उचलले असतील हे मला पटत नाही. आणि पाचशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी ६१ उचलला, तोही बहुधा असाच पारखून. दोघांना एकमेकांची कल्पना नाही आणि आकडा एकच, कारण शंभराच्या आत ६१ इतका त्रास देणारा दुसरा आकडाच नाही.

ब्राउंकर आणि वॉलिस यांनी आधी अपूर्णांकांतलं उत्तर पाठवलं. पूर्णांकांची अट त्यांच्यापर्यंत नीट पोचलीच नव्हती. फर्माने अर्थातच नाक मुरडलं. मग ब्राउंकरने खरी रीत काढली. फ्रेनिकलने उलट त्याला ३१३ घातला, तर ब्राउंकरने सतरा अंकी ज्येष्ठ मूळ काढून दाखवलं, तेही तासा-दोन तासांत. हा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये छापला. ब्राउंकरची रीत आजच्या भाषेत √न च्या कंटिन्यूड फ्रॅक्शनची रीत आहे: वर्गमूळातून पूर्णांक काढा, उरलेल्याचा व्यस्त घ्या, पुन्हा पूर्णांक काढा, असं चालू ठेवा. √६१ ला हे आकडे ११ पायऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून येऊ लागतात, पण ११ विषम असल्यामुळे तिथे क्षेप −१ मिळतो, +१ साठी २२ पायऱ्या लागतात. चक्रवालाच्या १४ शी तुलना करा. चक्रवाल काही पायऱ्या ओलांडून जातं, कारण ते न च्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, जवळचा वर्ग शोधतं. ही कार्यक्षमता अपघाताची नाही, हे विसाव्या शतकात सेलेनियसने तपशीलवार दाखवलं.

म्हणजे १६५८ पर्यंत भारतात आणि इंग्लंडमध्ये प्रत्येकी एक रीत होती, आणि ज्याने ज्याने जो जो न घातला त्याचं उत्तर निघालं. मग राहिलं काय?

राहिलं ते हे, की उद्या एखादा न असा निघाला की चाक फिरतंच आहे आणि क्षेप १ कधी येतच नाही, तर? भास्कराचार्य याबद्दल काही बोलत नाहीत. ब्राउंकर बोलत नाही. वॉलिसने दिलेली सिद्धता चक्राकार आहे, ज्याची सिद्धता द्यायची तेच आधी गृहीत धरलंय. फर्माने आपल्याकडे सिद्धता असल्याचं १६५९ मध्ये कारकावी या फ्रेंच गणिती मित्राला लिहिलं, पण ती कागदावर कुठे नाही, आणि फर्माच्या बाबतीत या वाक्याची आपल्याला सवय आहे. ऑयलरने कंटिन्यूड फ्रॅक्शनची सगळी यंत्रणा मांडली, उत्तरांचे तक्ते केले, आणि तोही या एका ठिकाणी थांबला.

अडचण कुठे आहे ते थोडं जवळून बघण्यासारखं आहे. चक्रवालात म एका विशिष्ट बाकीच्या संख्यांतून निवडायचा असतो, म्हणून √न पासून तो फार लांब जात नाही, आणि त्यामुळे नवा क्षेपही एका मर्यादेत राहतो. मर्यादेतले क्षेप मोजकेच, पायऱ्या अनंत; म्हणजे कधीतरी तीच स्थिती पुन्हा येणारच. इथपर्यंत सोपं आहे. पण पुन्हा येणारी स्थिती क्षेप १ चीच असेल कशावरून? चाक मधल्याच कुठल्यातरी आकड्यांत अडकून फिरत राहिलं तर? ते होत नाही याचं कारण असं की प्रत्येक पायरी उलटही चालवता येते, आणि सुरुवात (०, १, १) या क्षुल्लक त्रयीपासून झाली असं धरलं तर उलट येताना क्षेप १ लागायलाच हवा. चक्रवालात पायऱ्या 'जवळजवळ' उलटतात. काही कोपऱ्यांत म चे दोन पर्याय बरोबरीने उभे राहतात, आणि ते कोपरे सांभाळणं हेच कष्टाचं काम आहे.

ही सिद्धता लॅग्रांजने दिली, त्याच्या कंटिन्यूड फ्रॅक्शनच्या वाटेने, १७६८ मध्ये. पुढच्या काही वर्षांत त्याने ती अधिक सुटसुटीत केली. तेव्हा कुठे "कोणत्याही अवर्ग न साठी उत्तर असतंच" हे विधान प्रमेय झालं. तुमच्या प्रश्नातल्या "नवीन काय केलं" याचं उत्तर हे आहे, आणि ते किरकोळ नाही. भारतीय रीतीसाठी तीच गोष्ट करायला १९२९-३० उजाडावं लागलं: म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात चक्रवाल नेहमी १ पर्यंत पोचतं हे सिद्ध केलं. ज्यांना भास्कराचार्यांच्या बाजूने भांडायचं असतं ते अय्यंगारांचं नाव क्वचितच घेतात, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक गंमत. डिरिक्लेने एकोणिसाव्या शतकात याच प्रमेयाची जी सिद्धता दिली ती आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. खुराड्यांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका खुराड्यात दोन येणारच, एवढ्या तत्त्वावर ती उभी आहे. सुंदर आहे, पण ६१ चं उत्तर काढायला तिचा काडीचा उपयोग नाही. एकीकडे सिद्धतेविना सातशे वर्षं बिनचूक चाललेली रीत, दुसरीकडे रीतच न देणारी सिद्धता. "आधी कोणी सोडवलं" असं विचारणाऱ्याने 'सोडवलं' म्हणजे यांतलं काय, ते आधी ठरवावं.

फर्मापर्यंत हे भारतातून गेलं असेल का, असंही विचारलं जातं. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचं फारसी भाषांतर अताउल्ला रुश्दीने शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, केलं होतं, म्हणजे फर्माच्या आव्हानाच्या वीसेक वर्षं आधी. पण ते युरोपात पोचल्याची काही खूण नाही, आणि ब्राउंकरच्या रीतीची धाटणी चक्रवालापेक्षा वेगळी आहे. उसनी घेतली असती तर ती कमी पायऱ्यांची असती. त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रेचीने केलेलं इंग्रजी १८१३ मध्ये आलं, लॅग्रांज वारला त्याच साली. थेट संस्कृतवरून कोलब्रुकचं भाषांतर १८१७ चं. लॅग्रांजच्या आधी संख्या सिद्धांतात झालेलं सर्वोत्तम काम म्हणजे चक्रवाल, असं जर्मन इतिहासकार हांकेलने १८७४ मध्ये लिहिलं ते या भाषांतरांच्या जोरावर.

रामानुजनचा एक किस्सा या समीकरणाशी जोडलेला आहे, आणि तो बहुतेकांना समीकरणाविना माहीत असतो. केंब्रिजमध्ये महालनोबिस यांनी एका मासिकातलं कोडं वाचून दाखवलं: एका रस्त्यावरच्या घरांना एकपासून क्रमांक आहेत, एक घर असं की त्याच्या डाव्या बाजूच्या क्रमांकांची बेरीज उजव्या बाजूच्या बेरजेइतकी, घरं पन्नासच्या वर आणि पाचशेच्या आत. उत्तर: २८८ घरं, घर क्रमांक २०४. रामानुजनने स्वयंपाक करता करता एक कंटिन्यूड फ्रॅक्शनच सांगितला, ज्यातून एकाच वेळी सगळी उत्तरं निघतात. कोडं उलगडलं की ते ८ × क्ष² + १ = य² होतं; ६, ३५, २०४ हे सगळे त्याच माळेतले कनिष्ठ.

हे सगळं १७६८ ला संपलं असं मानू नका. उत्तर असतं हे कळलं, पण किती मोठं असतं? ६० ला ४, ६१ ला २२ कोटी, ६२ ला ८, हा लहरीपणा कशामुळे? डिरिक्लेच्या सूत्राने एक बाजू उलगडते: मूळ उत्तराचा लघुगणक आणि 'वर्गसंख्या' (class number; इथे वर्ग म्हणजे गट, संख्येचा वर्ग नव्हे) नावाची एक पूर्णांक संख्या यांचा गुणाकार ढोबळमानाने √न च्या घरात राहतो. वर्गसंख्या लहान तर उत्तर अवाढव्य. मोठ्या न साठी उत्तर नुसतं लिहून काढायलाच √न च्या प्रमाणात अंक लागू शकतात, म्हणून संगणकावर ते उलगडून न लिहिता गुणाकारांच्या रूपात बांधून ठेवतात. क्वांटम संगणकासाठी झटपट चालणारी रीत हॉलग्रेनने २००२ मध्ये दिली.

क्षेप −१ चं समीकरण तर अजून चिवट आहे, कारण त्याला प्रत्येक न साठी उत्तर नसतंच. न ला ४ ने भागून ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्येने भाग जात असेल तर विषय तिथेच संपतो. ज्यांना असा भाग जात नाही अशा वर्गमुक्त (१ सोडून कोणत्याही वर्गाने भाग न जाणाऱ्या) संख्यांपैकी किती जणांना उत्तर मिळतं? स्टीव्हनहागेनने १९९३ मध्ये अंदाज बांधला होता की सुमारे ५८ टक्के. पीटर कॉयमन्स आणि कार्लो पगानो यांनी २०२२ मध्ये तो सिद्ध केला. आणि वर्गसंख्या १ असलेले, म्हणजे आपल्या मापात उत्तर शक्य तितकं मोठं असलेले न अनंत आहेत का, हा गाउसच्या काळापासूनचा प्रश्न आजही तसाच उघडा आहे. तक्ते पाहिले तर बहुसंख्य मूळ संख्या तशाच निघतात, सिद्धता मात्र कोणाकडे नाही.